आधी डोकी मोजा, मग चेहरे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पोकर या पत्त्यांच्या खेळावर पानभर लेख आला होता. लेख वाचनीय होता, छायाचित्रंही झकास होती. रात्री घरात काळा गॉगल लावून बसलेला तो इसम अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण शेवटी लेखकाने जो सल्ला दिला आहे, की समोरच्याचे डोळे वाचा आणि संधी दिसली की बेधडक ब्लफ मारा, म्हणजे पानं नसताना असल्याचा आव आणून पैसे लावा, तो वाचून मला गप्प बसवेना. हाच सल्ला पाळून मी गेल्या वर्षी चार शनिवारांत सातशे चाळीस रुपये घालवले आहेत. रक्कम हसण्यासारखी आहे हे मला कळतं. पण आपले वाचकही असेच दोन-पाचशेचा खेळ खेळणारे असणार. लास वेगासला निघालेले त्यांत किती निघतील? म्हणून हा पत्रप्रपंच. लांबला तर खुशाल कात्री लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

मी एसटीत वाहक म्हणून चौतीस वर्षं काढली. सगळी कोकणात, त्यातली बरीचशी चिपळूण आगारात. आता ठाण्याला मुलाकडे असतो. मुक्कामी गाडीच्या रात्री पत्ते पुष्कळ कुटले, मेंढीकोट म्हणू नका, बदाम सात म्हणू नका, पण पैसे लावून एकदाही नाही. वाहकाच्या गळ्यातल्या पिशवीत महामंडळाची रोकड असते, आणि स्वतःचे किती पैसे जवळ आहेत ते ड्युटीवर चढतानाच लिहून द्यावे लागतात. तिथे दहा रुपये जिंकले तरी पंचाईत आणि हरले तर त्याहून मोठी. आम्ही चिंचोके लावायचो.

मुलाच्या घरी शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर पोकरचा डाव बसतो. सहा जण लागतात. त्यातल्या एकाची बंगळूरला बदली झाली आणि मला बसवण्यात आलं. खेळ एक-दोनचा, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच एकाने एक रुपया आणि त्याच्या पुढच्याने दोन रुपये टाकायचे. प्रत्येकाने दोनशे रुपये घेऊन बसायचं. संपले तर आणखी दोनशे, पण एकदाच. ज्यांना तीनपत्ती येते त्यांना हा खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. तिथे तिन्ही पानं आपापली. इथे दोन पानं हातात आणि पाच टेबलावर, सगळ्यांची मिळून. आधी तीन उघडतात, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. शेवटचं एक, तो रिव्हर. हातातली दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच जुळवायची. पानं हाती आल्यावर एकदा आणि त्यानंतर या तीन टप्प्यांवर, अशी चारदा पैसे लावायची वेळ येते. सगळी गंमत आणि सगळं नुकसान त्या चार वेळांत आहे.

आमच्याकडे नाल काढत नाहीत. हा शब्द मुलाच्या मित्रांना ठाऊक नव्हता, तो मी शिकवला. ज्याच्या जागेत डाव बसतो तो प्रत्येक डावातून स्वतःसाठी काढून घेतो, ती नाल. त्याबद्दल पुढे बोलतो.

आता ब्लफचं. पहिल्याच महिन्यातला डाव सांगतो. वही समोर आहे, त्यामुळे आकडे पक्के. (मी प्रत्येक शनिवारची वही ठेवतो. इतकी वर्षं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिलेला माणूस, सवय जात नाही.) माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा राजा. मी आठ रुपये लावले. बाकीच्यांनी पानं टाकली, म्हणजे डाव सोडला, विमावाले मात्र आठ टाकून आले. हे आमच्या सोसायटीतले विमा एजंट, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, स्वभावाने देवमाणूस. मध्ये १९ रुपये जमले. फ्लॉपला बदाम नव्वी, किलवर छक्की, चौकट दुर्री. मला काही लागलं नाही, पण मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या व्हिडिओत असंच रेटायला सांगितलं होतं. मी बारा टाकले, त्यांनी बारा टाकले. मग किलवर गुलाम. मी तीस, त्यांनी तीस. शेवटी चौकट तिर्री. माझ्याकडे अजून एक्का-राजाच.

मी विमावाल्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कपाळाला आठ्या, दोनदा ओठ चाटले, एकदा उगीच पंख्याकडे नजर गेली. माणूस घाबरलाय याबद्दल शंका नको. मी शंभर रुपये पुढे सरकवले. विमावाल्यांनी आपली पानं पुन्हा उचलून बघितली, मघापासून बदलली असतील तर म्हणून, आणि म्हणाले, "बघू तरी काय आहे अप्पांकडे." त्यांच्याकडे छक्की आणि पंजी होती. मधली छक्की धरून छक्क्यांची जोडी. बास, तेवढंच. माझे दीडशे रुपये त्यांच्या पुढ्यात गेले.

त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझं वाचन चुकलं नव्हतं. विमावाले खरोखरच घाबरले होते. घाबरलेला माणूस पानं टाकेल हे जे मी परस्पर ठरवून टाकलं, तिथे घोटाळा झाला. त्यांना भीती वाटते, आठ्या पडतात, घाम येतो, आणि मग ते पैसे टाकतात. वर्षभर बघतोय, एकदाही याला अपवाद नाही. आणि का टाकू नयेत? शनिवारची रात्र आहे, आठवडाभर गिऱ्हाइकांच्या दारात उभं राहून माणूस इथे दोनशे रुपये घेऊन करमणुकीला आला आहे. पानं टाकून नुसतं बघत बसायचं तर घरी टीव्ही आहेच. शंभर रुपये गेले तर घरी सांगावंही लागत नाही, पण आपण पानं टाकली आणि समोरच्याने फसवलं होतं असं कळलं, तर त्याचा सल मात्र पुढच्या शनिवारपर्यंत जात नाही. ब्लफ चालतो तो पैसे जाण्याच्या भीतीवर. जिथे पैशाची भीतीच नाही तिथे तो कशाच्या जोरावर चालणार?

आपल्या लेखात २००३ सालच्या जागतिक स्पर्धेचा किस्सा दिला आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस, ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. अखेरच्या दोघांत त्याच्यासमोर सॅम फार्हा हा मुरलेला खेळाडू होता. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, जुळलेलं काही नाही. फार्हाकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरने सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, पुढे ढकलल्या आणि फार्हाने बराच विचार करून पानं टाकली. किस्सा खरा आहे आणि थरारक आहे. पण तो ब्लफ यशस्वी झाला याचं निम्मं श्रेय फार्हाला द्यायला हवं. पानं टाकता येणं ही विद्या आहे, आणि ती त्याला येत होती. त्या खुर्चीवर आमचे विमावाले असते तर नव्व्यांच्या जोडीवर त्यांनी "बघू तरी" म्हटलं असतं, आणि त्या रात्री मनीमेकरचा डोंगर खचला असता. बड्या खेळाडूंचं औषध लहान खेळाला लावू नये, ते हे असं.

मग लहान खेळात करायचं काय? मला याचं उत्तर पोकरच्या टेबलावर सापडलं नाही, जुन्या नोकरीत सापडलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी गुहागरच्या गाडीवर होतो. गाडी गच्च. तिकिटं फाडून झाली आणि मला वाटलं, कोणीतरी सुटलंय. मी चेहरे बघत मागून पुढे आलो. एक दाढी वाढलेला, मळक्या सदऱ्याचा माणूस माझी नजर चुकवत होता. त्याला हटकलं. त्याने मुकाट्याने मुठीतलं तिकीट दाखवलं. घामाने ओलं झालेलं, पण रीतसर. नजर चुकवत होता कारण त्याला गाडी लागत होती. सगळ्या गाडीसमोर माझी शोभा झाली. माझ्याबरोबरचे चालक जुने होते, ते हसून म्हणाले, "आधी डोकी मोज रे. वेबिलावर बावन्न आणि गाडीत चोपन्न असतील तर मग चेहरे बघ. बावन्नच असतील तर गुमान बस." मोजली. चोपन्न होती. सुटलेले दोघे पुढच्या बाकावर पेपर वाचत बसले होते, इस्त्रीचे कपडे घालून.

पोकरमधली डोकी म्हणजे पानं आणि मध्ये पडलेले पैसे. विमावाल्यांवर मी १०३ रुपयांच्या पॉटसाठी, म्हणजे मधल्या पैशांसाठी, शंभर लावले. म्हणजे अशी चाल बरोबरीत सुटायला तरी ते जवळजवळ दर दोन वेळांत एकदा पळायला हवेत. ते दहांत एकदाही पळत नाहीत. हे त्रैराशिक चौथीतलं पोरही करेल. मी ते केलं नाही, कारण मी त्यांच्या आठ्या मोजण्यात गुंतलो होतो. उलट बाजूने बघा. असा माणूस समोर असेल तर चांगली पानं आल्यावर लाजायचं कशाला? राजांची जोडी लागली की फ्लॉपला लावा, टर्नला लावा, रिव्हरलाही लावा. तो छक्क्यांवर तिन्ही वेळा येणार आहे. मी पूर्वी चांगली पानं आली की सापळा लावून गप्प बसायचो आणि शेवटी फुकट फुकट पुढची पानं बघून तोच मला हरवायचा. फुकटचा प्रवास मीच घडवत होतो.

दुसरे आमचे डॉक्टर. दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे खायचे आणि दाखवायचे दात वेगळे असतात हे त्यांना आम्ही काय सांगणार! डॉक्टरांना बदामाचं वेड, कारण पाचही पानं बदामाची झाली की ती जोडीला हरवतात. हातात दोन बदाम आणि फ्लॉपला दोन बदाम आले की ते पाचव्याची वाट बघत बसतात आणि त्यासाठी कितीही मोजायला तयार असतात. आता डोकी मोजू. चार बदाम दिसताहेत, नऊ राहिले. न दिसलेली पानं ४७. म्हणजे पुढच्या पानाला बदाम पडायची शक्यता पाचांत एकदा, तीही जेमतेम. पॉटमध्ये चाळीस आहेत आणि मी तीस लावले, तर सत्तर मिळवण्यासाठी ते तीस टाकणार. त्यासाठी दहांत तीन वेळा बदाम यायला हवा, आणि येतो दहांत दोनदा. म्हणजे प्रत्येक वेळी ते मला थोडं थोडं भाडं जास्त देतात. म्हणून डॉक्टरांविरुद्ध पैसे लावायचे ते बदाम पडायच्या आधी, आणि चांगले दणकून.

आणि पडला तर? तर त्यांचे हात बघायचे. हे मला कळायला सहा महिने लागले. ज्या हातांनी हा माणूस दिवसभर लोकांच्या दाढांत ड्रिल चालवतो, आणि केसभरही हलत नाही, तेच हात पाचवा बदाम आला की चिप्स उचलताना थरथरतात. मला आधी वाटलं, खोटं बोलतायत म्हणून थरथरतायत. नाही. वाट बघून बघून ताण आलेला असतो, तो हवं ते पान आलं की सुटतो. माझ्या वहीत नऊ वेळा थरथर नोंदलेली आहे आणि नवाच्या नऊ वेळा पानं पक्की निघाली. थरथर दिसली की मी एक्क्यांची जोडीसुद्धा टाकतो, आणि चहाला उठतो.

चेहऱ्यापेक्षा हात खरं बोलतात हे काही मी एकटा म्हणत नाही. मुलाने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूंच्या चिप्स लावतानाच्या छोट्या छोट्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि कोणाची पानं चांगली ते ओळखायला सांगितलं. फक्त चेहरा दिसत होता त्यांचे अंदाज चुकले. फक्त हात दिसत होते त्यांचे अंदाज मात्र बरे आले. मला नवल वाटलं नाही. ज्याला तिकीट काढायचंय त्याचा हात मी दोन बाकं लांब असतानाच खिशाकडे जातो. ज्याला काढायचं नाही तो पाकीट हातात धरून बसतो, म्हणजे आपल्याला वाटावं याचं झालंय.

चेहऱ्यावर माणसाचा ताबा असतो, म्हणून चेहरा फसवतो. छोट्या खेळात ही नाटकंही ठरलेली असतात. जो सुस्कारा टाकून, "चला, घ्या माझेही वीस" म्हणतो त्याच्याजवळ हमखास काहीतरी मोठं असतं. जो चिप्स आपटून टाकतो आणि डोळ्यांत डोळे घालून बघतो त्याच्याजवळ बहुधा काही नसतं. अर्ध्या तिकिटाच्या वेळी आई मुलाला पटकन मांडीवर ओढून घेते आणि विचारायच्या आधीच सांगते, "साडेचार वर्षांचा आहे हो." न विचारता वय आलं की मी मुलाशी बोलायचो. "काय रे, शाळेत जातोस का?" "दुसरीत आहे!" अशी किती अर्धी तिकिटं मी फाडली असतील. आयांनी मला शिव्याशापही तेवढेच दिले असतील, ते बहुतेक या पोकरमध्ये फळाला येतायत.

तिसरा मुलाचा मित्र, आयटीतला. याला सगळं येतं, टक्केवारी तोंडपाठ, व्हिडिओ सगळे पाहिलेले, आणि त्याला गप्प बसवत नाही. सगळ्यांनी चेक म्हटलं, म्हणजे पैसे न लावता चाल पुढे दिली, की पॉट बेवारस पडलाय असं त्याला वाटतं. त्याच्याविरुद्ध माझी रीत उलटी. राजा-राणी हातात आणि फ्लॉपला राजा आला, की मी चेक. तो पंधरा लावतो, मी येतो. पुन्हा चेक, तो चाळीस लावतो, मी येतो. पुन्हा चेक. तो नव्वद लावतो आणि माझ्या डोळ्यांत बघतो. मी नव्वद देतो आणि तो दश्शी-नव्वी उताणी टाकून म्हणतो, "अप्पा, तुम्ही हा कॉल करायला नको होता." पुस्तकात तसंच असेल. म्हणजे बेट कधी लावायची याचं एकच एक उत्तर नसतं. विमावाल्यांसमोर आपण लावायची, याच्यासमोर त्याला लावू द्यायची. हे ठरतं ते त्याची पानं चांगली नसताना तो काय करतो यावर. चांगली पानं असताना सगळेच सारखे वागतात. म्हणून पानं टाकून दिल्यावर मी मोबाइल काढत नाही, तेव्हाच खरी वही भरते. आणि वाट बघायची तयारी हवी. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा हातात येते. आमचे शनिवारी शंभरेक डाव होतात. दोन शनिवार जाऊन तिसऱ्यालाही येईलच असं नाही.

आता नालेचं. लहान खेळात कितीही डोकी मोजली तरी नाल असली की सगळं मुसळ केरात. शंभर डाव, दर डावात सरासरी चाळीस रुपये आणि त्यावर पाच टक्के नाल धरा. रात्रीत दोनशे रुपये घरमालकाचे. टेबलावर सहा जणांचे मिळून बाराशे. त्यातला सहावा हिस्सा कोणी न जिंकता गेला. मोबाइलवरच्या खेळांत हीच नाल होती, फक्त ती दिसत नव्हती, आणि डाव तासाला पंचवीस नव्हे, कितीतरी जास्त पडायचे. आमच्या नात्यातल्या एका मुलाने अशाच एका अॅपवर दोन वर्षांत चाळीस हजार घालवले. त्याचा खेळ वाईट नव्हता, मी बघितला आहे. त्याच्यासमोर ना हात होते ना सुस्कारे, नुसती टोपणनावं. आणि नाल चोवीस तास. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा आयटीवाला फार चिडला होता. कौशल्याचा खेळ आहे, म्हणाला. आहेच. पण कौशल्याचं भाडं नालेतच फिटत असेल तर लहान खेळाडूच्या हाती काय राहतं, एवढंच मी त्याला विचारलं. त्याने टक्केवारी सांगितली नाही.

राहिली सूनबाई. तिच्याबद्दल आधीच लिहायला हवं होतं, पण आमच्या टेबलावरही तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असंच शेवटी गेलं. ती पानं बघते आणि टाकते. बघते आणि टाकते. मधूनच "कोथिंबीर चाळीस रुपये जुडी झाली" वगैरे बोलते. आठ महिने सगळ्यांना वाटत होतं, ही केवळ सहावी भरायला बसते. मी वही बघितली तेव्हा दिसलं, की वरचढ रक्कम लावून तिने रेझ केलं असे प्रसंग आठ महिन्यांत अकरा. त्यांतल्या सात वेळा पानं उघडी झाली, आणि सातही वेळा तिच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काहीतरी होतं. आणि वर्षअखेरीला सगळ्यांत जास्त पैसे तिचे.

माझ्याबद्दल तिची वही नाही, पण एकदा भांडी विसळताना म्हणाली, "अप्पा, पानं चांगली आली की तुम्ही चष्मा वर सरकवता. सगळ्यांना माहितीये." सगळ्यांना! इतके महिने मी इतरांचे हात बघत होतो आणि माझा हात चष्म्याकडे जाताना माझ्याशिवाय सगळे बघत होते. आता मी दर डावाला चष्मा सरकवतो. नाकावर वळ पडलाय.

परवाच्या शनिवारची गोष्ट. मला बदाम आणि किलवर, असे दोन एक्के. दहा रुपये लावले. डॉक्टर आले, सूनबाई आली. मध्ये ३१. फ्लॉपला चौकट राणी, इस्पिक सत्ती, बदाम चौकी. मी वीस लावले, डॉक्टर गेले, ती आली. ७१. टर्नला किलवर दुर्री. काही बदल नाही. ती चेक म्हणाली. मी पंचेचाळीस लावले. तिने पानांकडे न बघता, चिप्स न आपटता, सुस्कारा न टाकता एकशे वीस केले, आणि विमावाल्यांना विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी आलं का हो?"

मध्ये २३६ रुपये, मला आणखी पंच्याहत्तर टाकायचे. म्हणजे चारांत एकदा जरी ती माझ्यापेक्षा कमी पानांवर हे करत असेल तरी मी यायला हवं. तिच्याकडे तीन सत्त्या असतील तर मला वाचवणारे एक्के उरले दोन, न दिसलेल्या ४४ पानांत. शंभरात साडेचार. चेहरा बघितला. चेहऱ्यावर नळाचं पाणी होतं. मग वही आठवली, सातांत सात. मी दोन्ही एक्के उताणे करून टाकून दिले. आयटीवाल्याने कपाळाला हात लावला. विमावाले म्हणाले, "अहो अप्पा, एक्के! निदान बघायचं तरी!" सूनबाईने पॉट ओढून घेतला आणि आपली पानं गड्डीत मिसळून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, काल सत्त्या होत्या का?"

"पंच्याहत्तर रुपये द्या, सांगते," म्हणाली.

मी दिले नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक,
ठाणे